कुणाकडून शिकलास ते आधी सांग

पोरा,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले, दोनदा ऐकले. जिममधले सर म्हणतायत किमुरा, म्हणजे मनगट धरून हात पाठीमागे पिळून खांदा अडकवायचा तो डाव, लावताना अंगठा बाकीच्या बोटांसोबतच पाहिजे, तालमीतले वस्ताद म्हणतायत अंगठा वळवून मनगट मुठीत गच्च आवळ, आणि वर तो तिसरा, म्हणतोय हा डाव जपानचा नाहीच, आपल्या मातीतलाच आहे, त्यांनी चोरला. आणि तू रात्री दोनपर्यंत तिघांशी भांडायलास. काय बे, सकाळी मेहनत कोण करणार मग?

अंगठ्याचं आधी उरकतो, त्यात फार काही नाही. अंगठा बोटांसोबत ठेवला की समोरच्याला तो धरून पकड सोडवता येत नाही, म्हणून बहुतेक जण तसं शिकवतात. पण दोन्ही पकडींनी टॅप झालेली, म्हणजे थाप मारून शरण आलेली माणसं मी बघितलीत. खरं काम कोपराचं आहे. त्याचं कोपर तुझ्या छातीला चिकटलेलं, हात काटकोनाच्या आसपास वाकलेला, आणि मग दंडाने ओढायचं नाही, अख्खं अंग वळवायचं. तुझ्या रीलमध्ये कोपर चार बोटं सुटलंय आणि तू नुसता दंडाने खेचायलास. ते चूक आहे, त्यावर वाद नको, सुधार. आणि जोडीदाराने टॅप केला की तिथल्या तिथे सोडायचं, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

आता नावाचं. इथे मला खरंच राग येतो.

1951 साली ब्राझीलमध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्युदोवाला मासाहिको किमुरा, त्याने तिथल्या जिउ-जित्सूवाल्या हेलिओ ग्रेसीला हा डाव लावला. हेलिओने हात मोडू दिला पण टॅप केला नाही, शेवटी त्याच्या भावाने टॉवेल टाकून हार मानली. डाव तेव्हा नवीन होता का? अजिबात नाही. ज्युदोत त्याला उदे-गारामी म्हणत होते, तिकडे इंग्लंडातल्या जुन्या कुस्तीचे, कॅच रेसलिंगवाले, डबल रिस्टलॉक म्हणत होते. पण ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्यांनी नाव कुणाचं लावलं बघ, ज्याने त्यांना हरवलं त्याचं. हात मोडून घेऊन शिकले तरी कुणाकडून ते सांगितलं. मी तुला एवढंच सांगतोय, कुणाकडून शिकलास ते सांग.

आणि तो 'आपल्याच मातीतला'वाला, त्याला 1976 ची कराचीची कुस्ती माहितीय का विचार. गामा पैलवानांचा पुतण्या अक्रम आणि जपानचा अंतोनिओ इनोकी. ह्याच डावात अक्रमचा खांदा गेला, त्यानेही टॅप केला नाही. इनोकी शिकला कार्ल गॉचकडे, गॉच शिकला इंग्लंडात विगनच्या तालमीत, आणि हाच गॉच आपल्या शिष्यांकडून आपल्याच जोर-बैठका काढून घ्यायचा, तिकडे आजही त्याला हिंदू पुशअप, हिंदू स्क्वॉट म्हणतात. म्हणजे आपल्याकडून नेलं तिथे आपलं नाव राहिलंय की. आपल्याकडे जांबुवंती कुस्ती म्हणतात ती समोरच्याला अडकवून शरण आणायचीच, त्यामुळे असं काही आपल्याकडे नव्हतंच असं मी म्हणणार नाही. पण चोरला म्हणायचं तर पुरावा दाखव. नसेल तर गप्प मेहनत कर.

पण तू त्याच्याशी भांडताना स्वतः काय केलंस? रीलवर लिहिलंस 'माझा स्वतःचा किमुरा'. तो गुडघ्याने डोकं अडवायचा प्रकार तुला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या त्या पोराने दाखवला, तूच मला सांगितलं होतंस. त्याचं नाव कुठंय? एक ओळ लिहायला किती वेळ लागतो रे?

माझं सांगतो. मी सव्वीसचा होतो. शहराच्या पूर्व भागातला एक जोडीदार होता, यंत्रमागावर रात्रपाळी करून पहाटे थेट तालमीत यायचा, केसात कापूस तसाच. एकेरी पट काढताना डोकं नेमकं कुठे टेकवायचं ह्याची एक युक्ती त्याने स्वतः शोधलेली, मला दीड महिना रोज घासून घासून शिकवली. पुढे एका शिबिरात मी ती पोरांना दाखवली, टाळ्या पडल्या, कुणीतरी विचारलं कुठे शिकलात, मी म्हणालो सरावातून. तो मागे भिंतीला टेकून उभा होता.

खोटं नव्हतं ते. सराव मीच केला होता, आणि नाव घेतलं असतं तरी त्याला तिथे ओळखणारं कोण होतं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं, अजून सांगतो कधीकधी, त्यात थोडं तथ्य आहेसुद्धा. पण त्यानंतर तो माझ्याबरोबर लढतीला उतरला नाही. बोलला काहीच नाही, नुसता दुसऱ्याबरोबर जोड धरायला लागला. पुढे मिल-माग सोडून तिकडे तेलंगणात गेला म्हणे.

तेव्हापासून मी डाव दाखवायच्या आधी नाव घेतो, प्रत्येक वेळी घेतो. पोरं कंटाळतात, एकाने तोंडावर सांगितलं की डाव दाखवा, कुळी नको. मी थांबलो नाही, थांबणार नाही. तुला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटत असेल तर वाटू दे, पण कुणाकडून शिकलास ते सांग.

आज रात्री रीलवरचं ते बदल. सर आणि वस्ताद दोघांनाही म्हण, दोन्ही पकडी करून बघतो, आणि भांडण सोड. रविवारी सकाळी सहाला ये, कोपर नीट करून घेऊ. येताना त्या एमआयडीसीतल्या पोराला घेऊन ये, तो गुडघा नेमका कुठे लावतो ते मला त्याच्याकडूनच शिकायचंय.