चामखिळी घरच्या घरी कशा घालवाव्यात? घोड्याचा केस, चुना-सोडा की औषध?

तुमचा प्रश्न असा आहे: मानेवर सात-आठ लोंबत्या चामखिळी आहेत आणि तर्जनीवर नखाशेजारी एक खरखरीत चामखीळ आहे. आजी म्हणते घोड्याचा केस बांध, मामा म्हणतो चुना-सोडा लाव. घरी काय करता येईल?

थोडक्यात सांगायचं तर आजीचं मानेपुरतं बरोबर आहे, फक्त केस घोड्याचा नको. मामांचं कुठेच बरोबर नाही. आणि बोटासाठी दोघांचाही उपाय कामाचा नाही.

सगळा घोळ शब्दामुळे होतो. मराठीत दोन्हींना आपण चामखीळच म्हणतो (काही भागात मस म्हणतात), पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानेवर, काखेत, जांघेत, पापणीवर जी मऊ, देठावर लोंबणारी असते ती म्हणजे कातडीचीच एक बारीक पिशवी. आत थोडे तंतू, थोडी चरबी आणि मधून जाणारी एक बारीक रक्तवाहिनी. ती संसर्गानं होत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. जिथे कातडी कातडीला किंवा कॉलरला, साखळीला घासते तिथे येते. वजन वाढल्यावर आणि गरोदरपणात जास्त येते.

बोटावरची खरखरीत चामखीळ विषाणूची असते. एचपीव्ही नावाच्या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, त्यांतले काही हातापायाच्या कातडीत घर करतात. तिचा पृष्ठभाग फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसतो, बोटावरच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात आणि नीट पाहिलं तर आत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मुळं’ म्हणतात आणि सुईनं उकरायला बसतात. ती मुळं नव्हेत, केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे. उकरलं की रक्त येतं आणि विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो.

तळपायाला असेल तर ती चामखीळ की कुरूप हाही प्रश्न येतो. चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा चामखीळ. वरून थेट दाबल्यावर दुखलं आणि कातडीच्या रेषा तिच्यावरून सलग जात असतील तर कुरूप. कुरूप चपलेच्या दाबानं होतं, त्यामुळे चप्पल बदलली नाही तर काहीही लावा, ते परत येतं.

आता मानेवरच्या चामखिळी. दोरा बांधून पडेल अशी चामखीळ कोणती हे आधी ठरवा. तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी, देठ दोनेक मिलिमीटरपेक्षा जाड नाही, आणि लांबी देठाच्या जाडीपेक्षा स्पष्ट जास्त. राईएवढ्या, बसक्या चामखिळींना दोरा अडकतच नाही. त्या एक तर राहू द्या किंवा डॉक्टरांकडून जाळून घ्या. पापणीवरच्या आणि जननेंद्रियाजवळच्या चामखिळीला घरी हात लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तरी घरी बांधू नका.

घोड्याच्या शेपटीचा केस का वापरत? तो बारीक, चिवट आणि गुळगुळीत असतो, गाठ घट्ट बसते. कल्पना उत्तम होती. पण धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत असतात, आणि शेपटीचा केस तिथेच लोळत असतो. तेवढाच चिवट आणि स्वच्छ दोरा आज मेडिकलमध्ये मिळतो: दातांच्या फटी साफ करायचा डेंटल फ्लॉस, मेण न लावलेला. रेशमी दोराही चालतो. शिवणाचा सुती दोरा फुगतो आणि गाठ ढिली पडते.

आपल्याच मानेवर आपल्याला नीट बांधता येत नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी बसवा. मान साबणानं धुऊन कोरडी करा, त्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, बांधणाऱ्यानंही हात धुवावेत. वीतभर फ्लॉस घ्या. चामखीळ चिमट्यानं अलगद उचला. जोरात ओढली तर खालची चांगली कातडी तंबूसारखी वर येते आणि फासात सापडते. मग जखम होते ती चामखिळीची नव्हे, मानेची. फास देठाच्या तळाशी न्या. पहिल्या गाठीत दोरा एकदाऐवजी दोनदा फिरवा, म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत पहिली सुटत नाही. आवळा, रंग फिका किंवा जांभळट झाला पाहिजे. दुसरी गाठ मारून टोकं अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. चिमटा बसल्यासारखं दुखेल आणि थोड्या वेळानं थांबेल.

बहुतेक बिघाड इथे एकाच कारणानं होतो: गाठ अर्धवट आवळलेली असते. धमनीतलं रक्त दाबानं आत शिरतं, पण शिरेची भिंत पातळ असल्यानं परतीची वाट बंद होते. मग चामखीळ सुकण्याऐवजी फुगते, लाल होते, ठणकते. गाठ नीट बसली असेल तर दुसऱ्या दिवशी ती काळसर झालेली असते, तीन-चार दिवसांत सुकते आणि साधारण आठवड्याभरात आंघोळीत किंवा उशीवर पडते. फुगलीच असेल तर एकदा त्याच जागी पुन्हा घट्ट बांधा. तरीही ठणकत राहिली, पू दिसला किंवा आजूबाजूला लाली पसरली, तर दोरा कापून टाका आणि दवाखान्यात जा. अर्धी सुकलेली चामखीळ पिळून काढू नका. पडल्यावर टाचणीच्या टोकाएवढी जखम राहते, तिला दोन-तीन दिवस व्हॅसलिन पुरे. एका वेळी दोनच बांधा, आठही नकोत. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर ते आधी घ्या.

ब्लेडनं किंवा नेलकटरनं ‘एका झटक्यात’ कापणारे भेटतात. देठातली ती एक रक्तवाहिनी आकाराच्या मानानं भरपूर रक्त सांडते. कुणी कापलीच असेल तर स्वच्छ फडक्यानं सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका.

बोटावरच्या विषाणूच्या चामखिळीला दोरा बांधायला देठच नसतो. तिचा घरी करण्याजोगा आणि अभ्यासांत खरोखर टिकलेला उपाय एकच: सॅलिसिलिक ॲसिड. मेडिकलमध्ये ‘चामखिळीचं पेंट’ मागा. लेबलवर सॅलिसिलिक ॲसिड 16 ते 17 टक्के, सोबत साधारण तेवढंच लॅक्टिक ॲसिड, आणि बेस कोलोडियनचा (वाळल्यावर पापुद्रा धरणारं चिकट द्रावण) असं काहीसं लिहिलेलं असेल. मुरुमांचा 2 टक्क्यांचा फेसवॉश म्हणजे ते नव्हे.

रोज रात्री बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. मऊ, पांढरा झालेला थर नखाच्या फाइलनं किंवा पॉलिश पेपरच्या तुकड्यानं हलकेच घासून काढा. तो तुकडा तिथल्या तिथे फेकून द्या. तीच फाइल नखांना लावली किंवा घरच्यांची वज्री वापरली तर चामखीळ वाटत फिराल. हात पुसा, चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनची कड ओढा. मग टूथपिकच्या टोकानं एकच थेंब चामखिळीवर ठेवा, पाच मिनिटं वाळू द्या. पांढरी पापुद्रेदार साय धरते. तिच्यावर चिकटपट्टी लावून झोपा. दुसऱ्या रात्री तो पापुद्रा काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. नखाच्या कडेला असल्यानं तुम्हाला थेंब आणखी लहान लागेल. नखाच्या मुळाशी ॲसिड उतरलं तर आठवडाभर बोट धरून बसाल. बाटली दिव्याजवळ, गॅसजवळ उघडू नका, कोलोडियन भर्रकन पेटतं.

किती दिवस? बारा आठवडे. इथेच लोक हरतात. तीन आठवड्यांत सपाट दिसली की थांबतात आणि महिन्यानं ती परत येते. सपाट होणं ही खूण नाही, बोटाच्या रेषा तिच्यावरून पुन्हा सलग जाऊ लागल्या की ती गेली. मेलेला थर न घासता रोज नुसतं लावत राहणं ही दुसरी चूक; औषध आधीच्या मेलेल्या कातडीवरच बसतं, खाली पोचतच नाही. जागा लाल होऊन झोंबू लागली तर दोन-तीन दिवस विश्रांती द्या आणि पुन्हा सुरू करा. चेहऱ्यावर, गुप्तांगावर, तिळावर, आणि मधुमेह असेल तर पायावर हे औषध नको. गरोदर असाल किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी विचारून घ्या.

पायासाठी मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये (मधे औषधाची चकती असलेली कुरुपाची पट्टी) हेच ॲसिड 40 टक्क्यांपर्यंत असतं. पट्टी घामानं सरकते आणि शेजारची चांगली कातडी सोलते. चकती चामखिळीएवढीच कापून वरून टेपनं बांधली तर बरं.

लहान मुलाला असेल आणि दुखत नसेल तर काहीच न करणं हाही उपाय आहे. मुलांच्या दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. बटाटा, केळ्याची साल, एरंडेल, थुजाच्या होमिओपॅथी गोळ्या, नवस यांना जे यश मिळतं ते बरंचसं या आकड्याचं आहे. एरंडेल निदान कातडी मऊ करतं आणि यांतल्या कशानंही भाजत तरी नाही. करायचं तर करा.

पुढचे मात्र भाजतात. पानाच्या चुन्यात खायचा किंवा धुण्याचा सोडा कालवला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, तुंबलेला नळ मोकळा करायला टाकतात तोच. ॲसिडनं भाजलं तर वरचा थर आळतो आणि पुढे थोडा अडसर होतो. अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा क्षार, उलट मांस विरघळवत आत उतरते. चामखीळ जाते हे खरं, पण तिच्या जागी खड्डा राहतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्‌महिने. कुणी लावून बसलं असेल तर वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा. ‘चुना मारायला’ म्हणून लिंबू पिळू नका.

बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारं तेल चामखिळीवर सोडायचं, हा त्याहून वाईट प्रकार. ते तेल भाजतंच, वर ॲलर्जीही उठवतं, आणि मग एका थेंबापायी अख्खी मान फोडांनी भरते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ज्यांना उततो त्यांनी तर बिब्ब्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. रुईचा चीक डोळ्याजवळच्या चामखिळीला लावताना डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. काही तासांत नजर धूसर होते. लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ठेचलेला लसूण पट्टीखाली रात्रभर ठेवला तर सकाळी फोड येतो. अगरबत्तीचा चटका म्हणजे डॉक्टर जे मशीननं करतात तेच, पण खोली न मोजता. छातीवर, खांद्यावर असा चटका दिला तर व्रण चामखिळीपेक्षा मोठा वाढू शकतो.

प्रत्येक उंचवटा चामखीळ नसतो. गालांवर आणि डोळ्यांभोवती तिशीनंतर येणारे काळे बारीक ठिपके, पन्नाशीनंतर पाठीवर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी चट्टे, मुलांच्या अंगावर मधे खळगी असलेले मोत्यासारखे दाणे हे सगळे वेगळे आणि बहुधा निरुपद्रवी आहेत. दोरा, ॲसिड यांची त्यांना गरज नाही. पण जे आकारानं किंवा रंगानं बदलतंय, आपोआप रक्त येतंय, महिनाभर भरत नाही, त्याला घरी काहीही लावू नका. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवा काळा डाग वाढताना दिसला तर तर महिनाभरही थांबू नका, सावळ्या कातडीत मेलानोमा नावाचा कर्करोग बहुतेक तिथेच सुरू होतो. गुप्तांगावरची चामखीळ घरचा विषय नाही. जोडीदारालाही डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं.

तुमच्या मानेबद्दल एक राहिलं. सात-आठ लोंबत्या चामखिळी आहेत म्हणता. आरशात बघा, मानेची मागची बाजू काळपट, मखमली झालीये का? घासूनही निघत नाही, त्याला लोक मळ समजतात. तसं असेल तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसण्याची शक्यता बरीच आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, उपाशीपोटी जावं लागत नाही. 5.7 ते 6.4 आलं तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, 6.5 किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर दोरा बांधायचं लांबणीवर टाका.