जेवताना डोळे वर जातात, आणि सासूबाई म्हणतात ग्रहणामुळे

या महिन्यातली तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती, मुलांच्या मेंदूतल्या पेशींच्या जोडांभोवती फिरतायत म्हणून एकत्र घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मुलगा साडेचार वर्षांचा, चालायला उशिरा लागला, आत्ता कुठे 'मम' आणि 'आई' एवढंच बोलतो. जेनेटिक टेस्टच्या रिपोर्टमध्ये सिनगॅप-१ असं आलंय. डॉक्टर म्हणाले सिनॅप्सचा आजार आहे, बेंगळुरूला संशोधन चालतं, पुढचं मला काही कळलं नाही. सासूबाई म्हणतात तू ग्रहणात भाजी चिरलीस. मी खरंच चिरली होती. त्याला बेंगळुरूला न्यायचं का? आणि हल्ली जेवताना मधेच डोळे वर करून थांबतो, हट्ट असेल का?

उत्तर : शेवटचं आधी घेते, कारण ते थांबण्यासारखं नाही. हट्ट समजू नका. सिनगॅप-१ हा जीन बिघडलेल्या बहुतेक मुलांना फिट येतात, पण आपल्या डोळ्यासमोर जी हातपाय झाडणारी फिट असते तशीच ती असेल असं नाही, पापण्या फडफडतात, डोळे वर जातात, मूल दोन-चार सेकंद कुठेतरी हरवतं आणि परत घास चावायला लागतं, आणि काही मुलांना हे नेमकं खातानाच होतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारीख-वेळ वहीत लिहा आणि याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढताना त्याला काही खायला देता येईल का हेही विचारा. तोपर्यंत घास लहान द्या, नीट बसवूनच भरवा. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता ग्रहण. चिरली असेल भाजी, त्याने काहीही झालेलं नाही. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून, तुमच्या मुलात त्यातल्या एका प्रतीत चूक आहे. आणि सिनगॅपमध्ये ही चूक बहुतेक वेळा नवीनच झालेली असते, म्हणजे ना आईत ना बाबांत. ती खाण्यापिण्याने, मोबाईलने, ग्रहणाने होत नाही. तुम्हा दोघांची टेस्ट करून घ्या, पुढच्या बाळाचा विचार असेल तर ती लागेलच, आणि तो रिपोर्ट आला की सासूबाईंना शेजारी बसवून वाचून दाखवा. त्यांनाही नातवाची काळजीच आहे, कारण सापडत नाही म्हणून मिळेल ते कारण धरून बसल्यात.

सिनॅप्स म्हणजे काय ते सांगते. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे साधारण २० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकी, एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि दुसरी ते झेलते. या जोडाला सिनॅप्स हे नाव चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये दिलं. सिनगॅप-१ या जीनपासून बनणारं सिनगॅप हे प्रोटीन झेलणाऱ्या बाजूला बसतं आणि सिनॅप्स फार लवकर पक्का होऊ नये म्हणून ब्रेकचं काम करतं. एक प्रत बिघडली की प्रोटीन निम्मं, म्हणजे ब्रेक सैल. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर या संशोधन संस्थेतले जेम्स क्लेमेंट तिथे जायच्या आधी अमेरिकेत गॅव्हिन रम्बो यांच्या लॅबमध्ये होते, तिथल्या २०१२ च्या कामात त्यांनी हाच जीन अर्धा बंद असलेले उंदीर तपासले तर सिनॅप्स वेळेच्या आधीच पक्के झालेले दिसले. लवकर पक्के झाले म्हणजे चांगलंच ना, असं वाटेल. पण लहानपणी ते कच्चे राहायला हवे असतात, बघून ऐकून पडून धडपडून त्यांना आकार यायचा असतो, मडकं चाकावर असतानाच भाजलं गेलं तर कुंभार काय करणार?

म्हणून आधी असंच वाटायचं की लहानपण गेलं की दार बंद. पण २०१९ मध्ये रम्बो यांच्याच लॅबने मोठ्या झालेल्या उंदरांमध्ये ते प्रोटीन परत आणलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली आणि मेंदूतली फिटसारखी खळबळही कमी झाली. दार पूर्ण बंद नसतं. मला स्वतःला ही बातमी फार मोठी वाटते, पण ती उंदरांची आहे हे विसरून चालणार नाही.

तेव्हा बेंगळुरूला त्या लॅबमध्ये न्यायचं का, तर नाही, तिथे ओपीडी नसते. तिथलंच निम्हान्स हे हॉस्पिटल आहे, तुमचे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले तर तिथे जरूर जा. बाकीचं काम इथेच आहे. सिव्हिलला जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणाऱ्या केंद्राची चौकशी करा, स्पीच (बोलण्याची थेरपी) आणि ओटी (रोजची कामं शिकवणारी थेरपी) सुरू करा, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज टाका. आणि तो बोलेल तेव्हा बोलेल म्हणून वाट बघू नका, पाणी, शी, दुखतंय, नको असे फोटो लावलेला तक्ता आजच स्वयंपाकघरात लावा आणि बोट दाखवायला शिकवा. चित्रं दाखवल्याने बोलणं मागे पडत नाही.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. पुतण्या सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. ऐकलं की अशा मुलांच्या मेंदूत छाटणी होत नाही. हे खरंय का, आणि छाटणीचं औषध मिळतं का?

उत्तर : दादा, ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गोडी छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटतात, तुम्ही फेलफूट, म्हणजे जादाचे फुटवे, काढली नाही तर घडांना ताकद मिळत नाही. मेंदूतही आधी गरजेपेक्षा जास्त सिनॅप्स फुटतात. पीटर हटनलोचर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागात ते मोजले, एक-दोन वर्षांच्या बाळात मोठ्या माणसापेक्षा साधारण ५० टक्के जास्त निघाले, मग सोळा वर्षांपर्यंत कमी होत गेले. फरक एवढाच की तिथे कात्री घेतलेला मजूर नाही. जो जोड वापरला जातो तो टिकतो, जो पडून राहतो तो मायक्रोग्लिया नावाच्या पेशी साफ करतात.

ऑटिझमबद्दल तुम्ही ऐकलं ते बहुधा कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड सुल्झर यांच्या २०१४ च्या कामातून आलंय. मेलेल्या मुलांचे, दान मिळालेले मेंदू त्यांनी तपासले, पेशीच्या फांद्यांवरचे, सिनॅप्स ज्यांवर बसतात ते बारीक काटे मोठं होईपर्यंत इतर मुलांत जवळजवळ निम्मे कमी झाले होते, ऑटिझम असलेल्यांत फक्त १६ टक्के. पण मेंदू मोजकेच होते आणि मेंदूचा एकच भाग पाहिला होता. शिवाय वरचं पत्र वाचा, त्या मुलाची अडचण न छाटण्याची नाही, लवकर पक्कं होण्याची आहे. ऑटिझम या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी असतात, त्यामुळे तुमच्या पुतण्याच्या मेंदूत नेमकं काय झालंय हे या एका संशोधनावरून सांगता येत नाही.

औषध आज नाही. उंदरांमध्ये रॅपामायसिनने छाटणी सुधारली होती, पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, ऑटिझमसाठी म्हणून कुणी द्यायला लागलं तर घेऊ नका. फ्रॅजाइल एक्स या जीनच्या आजाराचंच बघा ना, त्यात ऑटिझमसारखी लक्षणं दिसतात, मॅव्होग्लुरँटच्या जातीच्या औषधांनी उंदीर छान सुधारले आणि माणसांवरच्या ट्रायलमध्ये ते फेल गेलं. किती घरं त्याकडे डोळे लावून बसली असतील याचा विचार केला की पोटात तुटतं. पुतण्याची फ्रॅजाइल एक्सची टेस्ट झाली नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, ती घराण्यात पुढे जाणारी गोष्ट आहे, तुमच्या घरातल्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : देवळाली कॅम्पहून लिहितोय. मुलीला ऑटिझम आहे. एका क्लिनिकने स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडायचा उपचार सांगितलाय, तीन लाख. प्लॉट विकायला काढलाय. करू ना?

उत्तर : नका करू. ऑटिझमसाठी स्टेम सेल देऊ नये असं डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय, आणि ते देणं हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग धरलाय. आणि वर सांगितलेलं सगळं वाचून तुम्हीच बघा, बिघाड एवढ्या बारीक फटीत, तोही प्रत्येक मुलात वेगळा, तिथे पाठीतून सोडलेल्या पेशी जाऊन नेमकं काय दुरुस्त करणार हे त्या क्लिनिकला लेखी विचारा. ते संशोधन म्हणून करतोय असं म्हणाले तर खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. बयाणा घेतला असेल तर तो आधी परत करा. मुलीचं वय आणि आत्ता कुठली थेरपी चालू आहे ते मला कळवा, पुढच्या अंकात तुमचं पत्र पहिलं घेते.