कोरियन ड्रामा आवडतात म्हणून कोरियाला फिरायला जाणं खरंच वर्थ आहे का? तिथे सगळं ड्रामासारखंच असतं का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की लॉकडाऊनपासून के-ड्रामा बघताय, आता पैसे साठलेत, जायचंय, पण घरचे म्हणतात सिरीयल बघून परदेशात कोण जातं, आणि वर तुम्ही शाकाहारी. तर माझं उत्तर सरळ आहे, जा. मी गेलेय, परत जाणार आहे, आणि माझ्या मते ड्रामा बघून जाणारा माणूस पॅकेज टूरवाल्यापेक्षा जास्त तयारीनं जातो. फक्त एक करा, सोलमधल्या वीस जागांची यादी करून टिकमार्क करत पळू नका. ज्या एका ड्रामातलं गाव तुम्हाला आपलं वाटलं ना, त्या गावाला जा आणि तिथे रहा.

का सांगते. मला जे ड्रामा मनापासून आवडतात त्यात हिरो-हिरोईनइतकंच काम ती गल्ली करते, तो बाजार, ते बंदर करतं. रिप्लाय 1988 आठवा, त्यात लव्हस्टोरी आहेच पण आपल्याला खरं रडवते ती त्या गल्लीतली पाच घरं. संध्याकाळी एका घरातली भाजी दुसऱ्या घरात, दुसऱ्यातली तिसऱ्यात अशी पोरांच्या हातून फिरत राहते, आणि गल्लीतल्या तिघी आया बाहेरच्या लाकडी बाजेवर बसून भाजी निवडत गप्पा मारतात, अगदी आपल्याकडे वाड्यातल्या ओट्यावर चालायचं तसं. त्या बाजेला ते लोक फ्योंगसांग म्हणतात आणि ती फक्त सेटवर नसते बरं का, लहान गावात दुकानासमोर, झाडाखाली खरोखर ठेवलेली असते आणि आज्या त्यावर बसलेल्या असतात. मला सोलमधल्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा ती दिसल्यावर जास्त भरून आलं.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या फोहांग शहराजवळचं कुर्योंगफो. व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स (2019) तिथे शूट झालंय. सोलवरून केटीएक्स ह्या वेगवान ट्रेननं फोहांगला साधारण अडीच तास, पुढे बस. बंदराला लागून एक जुनी गल्ली आहे, कोरियावर जपानचं राज्य असताना तिथे जपानी मासेमार येऊन राहिले होते त्यांची लाकडी घरं अजून उभी आहेत, ड्रामातल्या नायिकेची, दोंगबेकची, खानावळ ह्याच गल्लीतली. गल्लीतून वर टेकडीवर पायऱ्या जातात, पोस्टरमध्ये दोघं बसलेत त्याच पायऱ्या, तिथे बसलं की खाली छपरं आणि त्यापलीकडे होड्या दिसतात. सगळे फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. पण पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब आहेत ते नीट बघा, त्यावर आधी जपानी लोकांची नावं कोरलेली होती, स्वातंत्र्य मिळाल्यावर गावकऱ्यांनी ती सिमेंटनं बुजवून टाकली. हे कळल्यावर ती जागा नुसतं रोमँटिक लोकेशन राहत नाही, आणि ड्रामात गावातल्या बायका बाहेरून आलेल्या एकट्या आईकडे सुरुवातीला इतक्या संशयानं का बघतात ते पण मला तिथे बसून जास्त समजलं, अशा बंदराच्या गावाला बाहेरून येणाऱ्यांचा अनुभव काही सगळा चांगला नसतो. हे माझं मत आहे, लेखिकेनं तसा विचार केला असेलच असं नाही.

त्याच फोहांग भागात होमटाऊन चा-चा-चा (2021) पण शूट झालंय. ड्रामातलं गोंगजिन गाव नकाशावर नाहीये, पण बाजार खरा आहे, छोंगहा नावाच्या गावातला. तिथे दर पाच दिवसांनी बाजार भरतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच, म्हणून बाजाराचा दिवस बघून जा नाहीतर सगळं बंद शटर बघून परत यावं लागेल. बाजाराच्या दिवशी गेलात तर कोबी, सुकी मासळी, गादीवर मांडलेली मिरची आणि ड्रामातल्या कामरी आजीसारख्या आज्याच आज्या. माझी आई बरोबर होती, तिला कोरियन येत नाही आणि त्यांना मराठी, तरी लाल मिरची कुठली, तिखट किती ह्यावर हातवारे करून बराच वेळ चर्चा झाली. डोंगरावर ठेवलेली ड्रामाच्या हिरोची, होंग दू-शिकची, होडी पण तिथून जवळ एका पार्कमध्ये आहे, वारा भयंकर असतो, जॅकेट न्या.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू (2022) बघितलंय का, त्यात गावाच्या मधून रस्ता जाणार असतो आणि टेकडीवरचं म्हातारं झाड वाचवायची केस असते. ते झाड खरं आहे, छांगवॉन शहराच्या हद्दीत एका खेड्यात, साधारण पाचशे वर्षांचं. ड्रामा लागल्यावर लोकांची एवढी रीघ लागली की सरकारनं अभ्यास करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला खरोखर राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक करून टाकलं. म्हणजे कोर्टात जे झालं ते बाहेर पण झालं. घरच्यांना सिरीयल म्हणजे टाइमपास वाटतं ना, त्यांना हे सांगा. तिथे बघायला काय तर एक झाड, खाली शेतं आणि नदी, बस. पण आम्ही तिथून लवकर हललो नाही. फक्त मुळांवर चढू नका, गर्दीमुळे मातीला त्रास होतो.

असंच अजून एक, मिस्टर सनशाइन (2018) मधला तो ओढ्यावरचा अरुंद पूल आणि पलीकडचा छोटा मंडप, तो आनदोंगला आहे, मानह्यूजोंग नाव. मार्च 2025 मध्ये त्या भागात भयानक वणवे लागले तेव्हा आधी बातमी आली की तो जळून गेला, मी अक्षरशः रडले होते, मग दुसऱ्या दिवशी कळलं की आग न धरणारं कापड गुंडाळून ठेवल्यामुळे वाचला.

सगळंच खरं नसतं हे पण सांगते म्हणजे तुमचा हिरमोड नको. रिप्लाय 1988 ची गल्ली सेट होता, तो पाडून टाकलाय, त्यामुळे गोष्ट जिथे घडते त्या सोलमधल्या सांगमुन-दोंगला जाऊन ती शोधू नका, तिथे साधी वस्ती आहे. व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स (2025) मधलं जेजू बेटावरचं जुनं गाव, त्याचा मोठा सेट जेजूत नाही तर आनदोंगला उभारला होता. पण म्हणून जेजू टाळू नका! त्यातल्या नायिकेची, ए-सुनची, आई हेन्यो होती ना, म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर न लावता समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, त्या तिथे अजून आहेत, बऱ्याचशा आजीच्या वयाच्या. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्यांची परंपरा आली. जेजूच्या पूर्व बाजूला त्यांचं म्युझियम आहे ते बघून मग किनाऱ्यावर जा, वर आल्यावर त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात, तो आवाज एकदा कानानं ऐकला की पहिला एपिसोड परत वेगळाच दिसतो.

गंगनुंग पण करा, सोलवरून ट्रेननं दोन तास, गॉब्लिन मधला समुद्रात गेलेला तो दगडी बांध तिथे जुमुनजिन भागात आहे. लाइन असते, लाल मफलर आणि फुलांचा गुच्छ भाड्यानं मिळतो, घ्या, लाजू नका, फॅन आहोत तर फॅनसारखं वागायचं. लाटा मोठ्या असतील तेव्हा मात्र बांधावर जाऊ नका.

गंगनुंगचं नाव घेतलं तर खाण्याचं सांगते. तिथल्या छोदांग भागात समुद्राचं पाणी घालून टोफू (सोयाबीनचं पनीर) बनवतात, मऊसूत, गरम, पांढरा स्वच्छ, शाकाहारी माणसाला मिळालेलं वरदान. पण साधा पांढराच मागा, लालभडक रस्सा असेल तर त्यात बहुतेक मासळी किंवा मांसाचा स्टॉक असतो. एकूणच कोरियात शाकाहार अवघड आहे हे खरंय. किमचीत (आंबवलेल्या कोबीत) फिश सॉस किंवा खारवलेला जवळा असतो, ड्रामात बघून तोंडाला पाणी सुटतं ती तोकबोक्की (तांदळाच्या पिठाच्या तिखट वळकट्या) पण सुक्या मासळीच्या पाण्यात शिजवतात. मांस नको एवढंच सांगून भागत नाही, मासे, कोळंबी, स्टॉक काहीच नको असं पूर्ण वाक्य कोरियनमध्ये फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस-अंड्याशिवाय करून देतात. आणि एकदा तरी बौद्ध मठातलं जेवण जेवा, त्यात मांस-मासे तर नाहीच पण कांदा-लसूण पण नाही, जैन मंडळींनी मात्र कंदमुळं आहेत का ते विचारून घ्यावं. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर बाल्वू गोंगयांग आहे, महाग आहे, आधी बुकिंग करा. बजेट कमी असेल तर टेम्पल स्टे म्हणजे मठातच मुक्काम करा, राहणं आणि जेवण दोन्ही होतं. आम्ही थेपले, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, हॉटेलवर नुसता गरम भात मिळाला की झालं.

ड्रामासारखं असतं का, तर माणसं तशी नसतात. म्हणजे सोलमध्ये सगळे घाईत असतात, मेट्रोत पिनड्रॉप शांतता, अनोळखी माणसाकडे बघून कोणी हसत नाही, तो रुक्षपणा नाही, त्यांची पद्धत आहे. मनगट धरून ओढणारे हिरो कुठे नाहीत आणि नाहीत तेच बरं. पण हान नदीच्या काठी रात्री दुकानातून घेतलेलं रामेन खाणारी मित्रमंडळी, दोन्ही हातांनी मोठ्यांच्या पेल्यात ओतणारी पोरं, परत भरून मिळणाऱ्या साइड डिशच्या छोट्या वाट्या, हे सगळं जसंच्या तसं आहे.

बाकी कामाचं पटापट. आपल्याला व्हिसा लागतो, तो हातात आल्याशिवाय हॉटेलचे नॉन-रिफंडेबल पैसे भरू नका. गुगल मॅपवर विसंबू नका, तिथे नेव्हर (Naver) मॅप वापरतात. टी-मनी कार्ड घ्या, बस-मेट्रो दोन्हीला चालतं. ऑक्टोबर सगळ्यात छान, जून अखेर ते जुलै पाऊस. छुसॉक आणि सोल्लाल ह्या सणांच्या तारखा बघून घ्या कारण तेव्हा अख्खा देश गावी जातो, ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत. हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घातला की ग्योंगबोकगुंग राजवाड्यात फुकट एंट्री, मंगळवारी बंद. बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत संध्याकाळी पाचनंतर पर्यटकांना बंदी आहे, दंड होतो, तिथे लोक राहतात हो, आपल्या दारात रोज कोणी फोटो काढत उभं राहिलं तर चालेल का. आणि हांगुल लिपी शिकून जा, चार दिवस मन लावून बसलात तर वाचता येते, बसवरची पाटी स्वतः वाचून गावाला पोचण्यातला आनंद फार मोठा आहे.

घरच्यांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, त्यांना बसवून रिप्लाय 1988 चा पहिला एपिसोड दाखवा, मधली मुलगी वाढदिवसावरून रडते आणि बाबा गल्लीत केक घेऊन तिची माफी मागतात तो. आमच्याकडे तेवढ्यावर आईनंच विचारलं की पासपोर्टला किती दिवस लागतात.