घरी अखंड बडबडणारी मुलगी बालवाडीत अवाक्षर काढत नाही. हा हट्ट आहे का?

हट्ट नाही. सासूबाईंना, बालवाडीच्या बाईंना, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी ठणकावून सांगा.

तुम्ही लिहिलंय की साडेचार वर्षांची लेक घरी गाणी म्हणते, भावाशी कडाकडा भांडते आणि बालवाडीत मात्र जूनपासून एक शब्द नाही. बाई म्हणतात स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, असेल, सासूबाई म्हणतात लाडावलीय, आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की मोठी झाल्यावर आपोआप बोलेल का. ताई, हे सगळं मी माझ्या लेकीबद्दल ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही सांगताय ते सिलेक्टिव्ह म्युटिझमसारखं दिसतंय, म्हणजे बोलता येत असूनही काही ठिकाणी, काही माणसांसमोर तोंडातून शब्दच न फुटण्याचा विकार. शंभरात एखाद्या मुलाला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत सुरू होतो, पण शाळेत घातल्यावरच लक्षात येतो, कारण तोवर मूल आपल्याच माणसांत असतं. १८७७ मध्ये कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांनाही वाटलं होतं की हे ठरवून गप्प बसतात. आज डॉक्टर असं मानत नाहीत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या त्यांच्या यादीत, तो सरळ चिंताविकारांत घातलाय. म्हणजे भीती. पण आमच्या घरात १८७७ च चालू होतं.

माझ्या मोठ्या दिरांचं घर साताऱ्याला. तिथे गेलं की लेक स्वयंपाकघरात आजीच्या मागे मागे फिरत तोंडाचा पट्टा चालू ठेवायची, आणि बाहेरच्या खोलीत काका आले की चिडीचूप. भाऊजींचं म्हणणं एकच, 'आत बोलते ना? मग येतं तिला. येतं आणि बोलत नाही म्हणजे माजोरी आहे.' यावर आमचे कित्येकदा खटके उडाले. कुणी वेखंड उगाळून चाटवा म्हणालं, कुणी शंखातलं पाणी पाजा म्हणालं, ते मी एका कानाने ऐकून सोडून दिलं. भाऊजींचं मात्र सोडता येत नव्हतं, कारण ते ऐकवायचे तिच्यादेखत.

त्या वर्षी संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं. लेकीला काळं खणाचं नवं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याची माळ, खूश होती. तिने तिळगुळासाठी हात पुढे केला आणि भाऊजींनी मूठ मिटली. 'आधी म्हण, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. मग मिळेल.' सगळ्या बायका हसून बघायला लागल्या. कुणीतरी 'म्हण गं सोनू' म्हणालं. लेकीचा हात तसाच पुढे राहिला. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं, पापणी हलेना, खांदे ताठ. मी उठेपर्यंत परकराखालून सतरंजीवर ओल पसरायला लागली. आणि भाऊजी म्हणाले, 'बघा, हट्टापायी काय केलं.'

रात्री अंथरुणात ती मला हळूच म्हणाली, 'आई, मला म्हणायचं होतं. पण गळा बंद झाला.' चार वर्षांची पोर. तिला जे कळलं होतं ते पन्नाशीच्या माणसाला मी आजवर पटवू शकलेले नाही. अशी मुलं हेच सांगतात, आवाज अडकतो. बाईंना 'शूला जाऊ का' विचारता येत नाही म्हणून वर्गात कपडे ओले करणारी मुलं असतात, डबा न खाता परत आणणारी असतात. हे सगळं काकांची जिरवायला करतंय, असं समजणाऱ्याला काय म्हणावं.

म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला, बोलण्याची किंमत लावून काहीही देऊ नका. खाऊ नाही, खेळणं नाही, शाबासकीही नाही. 'बोललीस तर चॉकलेट' आणि 'बोलली नाहीस तर मार' हे दोन्ही तिच्यासाठी एकच.

मग आम्ही काय केलं? समुपदेशक बाईंनी सुचवलं तसं शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी आणि ती सापशिडी खेळायला बसायचो. तिचा आवाज सुटला की वर्गशिक्षिका दाराशी येऊन पाठ करून वह्या लावायच्या. मग थोड्या जवळच्या बाकावर. मग आमच्या शेजारी, पण तिच्याकडे न बघता. मग खेळात. एके दिवशी फासा टाकून ती बाईंच्या देखत 'पाच' म्हणाली आणि बाईंनी, देव त्यांचं भलं करो, टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसता आपला फासा उचलला. त्यानंतर एक मैत्रीण, मग दोन, मग वर्ग. फार हळू चालतं हे. सध्या बाईंना एवढंच सांगा, प्रश्नांचा मारा नको. 'तू लाल रंग घेतलास' असं तिच्या बाजूला बसून नुसतं बोलायचं. विचारायचंच तर 'लाल की निळा?' विचारून मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. आणि तुम्ही मध्येच तिच्या वतीने उत्तर देऊ नका.

आपोआप बोलेल का? काही मुलं बोलतात. पण त्या भरवशावर राहू नका, गप्प राहायची सवय जितकी मुरते तितकी सोडवायला जड जाते. मी डॉक्टर नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणी करून घ्या, आणि घरी बडबडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर नक्की न्या, कारण तिथे ती बोलणार नाही. स्वमग्नतेची शंका बाईंनी नाही, तज्ज्ञांनी तपासायची. दोन्ही एकत्र असू शकतं. बालवाडी इंग्रजी माध्यमाची असेल तर ती मराठीतही गप्प असते का ते बघा. नुसती भाषा नवी असेल तर गोष्ट वेगळी, आणि शाळेच्या पहिल्या महिन्यातलं गप्प राहणं तर निदानात धरतच नाहीत. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तिथे तपासतात) चौकशी करा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. पुढे पहिलीत कुणी चारचौघांत उभं करून लाजवलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

लेक आता पाचवीत आहे, वर्गात हात वर करून उत्तरं देते. भाऊजी सगळ्यांना सांगतात की संक्रांतीला मी दम दिला म्हणून पोरगी सुधारली. साफ खोटं. त्या संध्याकाळनंतर ती साताऱ्याच्या स्वयंपाकघरात आजीशीसुद्धा बोलेनाशी झाली. शाळेत बोलायला लागली, वाण्याकडे बोलायला लागली, रिक्षावाल्या काकांशी बोलायला लागली, आणि जिथे दम मिळाला त्या घरात सगळ्यात शेवटी बोलली, तेही भाऊजी बाहेरगावी गेलेले असताना.