स्पॅम मेलच्या तळाशी कवितेसारख्या ओळी दिसतात, त्या येतात कुठून? त्यांची कविता करता येईल का?

करता येते. पण आधी त्या ओळी तिथे का असतात ते कळलं, तर शोधायचं कुठे तेही कळतं.

त्या ओळी तुम्ही वाचाव्यात म्हणून नसतातच, त्या असतात स्पॅम अडवणाऱ्या फिल्टरसाठी. ऑगस्ट २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी शब्दांवरून स्पॅम ओळखायची एक पद्धत मांडली: मेलमधले सगळ्यांत बोलके १५ शब्द घ्यायचे, ते आधी स्पॅममध्ये किती वेळा आले आणि खऱ्या पत्रांत किती वेळा, हे पाहून निकाल द्यायचा. त्यावर उतारा म्हणून स्पॅमवाल्यांनी जाहिरातीखाली साधासुधा मजकूर ओतायला सुरुवात केली. शब्दकोशातले अवघड शब्द इथे कामाचे नाहीत, कारण फिल्टरने ते कधी पाहिलेलेच नसतात आणि त्या १५ मध्ये ते सहसा पोचत नाहीत. शिवाय एकच मजकूर लाखोंना गेला तर लगेच पकडला जातो, म्हणून प्रत्येक मेल थोडा वेगळा हवा. भरपूर, फुकट आणि सलग गद्य मिळायची सोपी जागा म्हणजे प्रताधिकार संपलेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या. औषधांच्या जाहिरातीखाली मेणबत्त्या, घोडागाड्या आणि पाद्री दिसतात ते त्यामुळे.

कादंबरीचे तुकडे जसेच्या तसे चिकटवले असतील तर त्यात फारशी मजा नाही. मजा येते ती मार्कोव्ह साखळीने, म्हणजे आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द निवडणाऱ्या प्रोग्रॅमने, मजकूर घुसळला असेल तर. साखळी मागचे दोन शब्द बघून तिसरा निवडते, त्यामुळे कुठलेही सलग तीन शब्द बरोबर वाटतात आणि वाक्य मात्र भरकटतं. मागचा एकच शब्द बघितला तर नुसती बडबड होते. चार-पाच बघितले तर मूळ पुस्तकच परत छापलं जातं.

आता शोधायचं कसं. एकाच मेलमध्ये बहुधा दोन प्रती असतात, एक एचटीएमएल (रंग-चित्रांसह सजवलेली) आणि एक साधा मजकूर. तुम्हाला दिसते पहिली, आणि आपल्याला हव्या त्या ओळी असतात दुसरीत, किंवा पहिलीतच पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ घ्या; थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू. तिथे ओळीच्या शेवटी बरोबरचं चिन्ह (=) दिसलं तर फसू नका. हे क्वोटेड-प्रिंटेबल नावाचं एन्कोडिंग, म्हणजे मेलसाठी मजकूर लिहायची एक पद्धत; तिच्यात ओळ ७६ चिन्हांपर्यंतच चालते म्हणून ती तिथे तोडलेली असते, कवितेचा त्याच्याशी संबंध नाही. आधी ते तुकडे जोडा, मगच वाचा. सगळाच मजकूर अक्षरांचा अखंड ठोकळा दिसला तर तो बेस-६४ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये आहे, आधी डीकोड करा, म्हणजे परत साध्या मजकुरात आणा. लिंक दाबू नका, चित्रं लोड करू नका. एका पिक्सेलच्या चित्रावरूनही तुमचा पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. जीमेल स्पॅम ३० दिवसांनी पुसतं, तेव्हा आवडलेलं लगेच उतरवून घ्या.

हल्लीचे फिल्टर पाठवणाऱ्याचा सर्व्हर आणि त्याची पतही तपासतात, त्यामुळे नुसता मजकूर घुसळून फारसं भागत नाही आणि असे मेल कमी झालेत. जुना स्पॅम हवा तर स्पॅमअसॅसिन या मोफत स्पॅम फिल्टरचा सार्वजनिक संग्रह उतरवा: सहा हजारांच्या आसपास मेल, त्यात सुमारे एक तृतीयांश स्पॅम.

कापायचं कसं, ते एका नमुन्यावर दाखवतो (नमुना मीच त्या धाटणीत रचलाय):

कंदील तिच्या हातातच राहिला. सत्तावीस घोडे, मग पाऊस. आजच मागवा, दर उतरलेत. बिशपने खिडकी लावून घेतली आणि. गोळ्या थेट घरपोच. नदीला काय वाटेल याची कुणाला

कापल्यावर:

कंदील तिच्या हातातच राहिला.
सत्तावीस घोडे, मग पाऊस.
बिशपने खिडकी लावून घेतली आणि
नदीला काय वाटेल याची कुणाला

नियम एकच: काढायचं, घालायचं नाही. विरामचिन्हं आणि ओळी तोडणं एवढंच आपलं. इथे बहुतेकांचा हात शिवशिवतो आणि ‘कुणाला’च्या पुढे ‘पर्वा’ लिहिलं जातं. तिथेच कविता मेली. पाठवणाऱ्याचं नाव मात्र काढाच, बऱ्याचदा ते कुणा खऱ्या माणसाचं चोरलेलं असतं.

मराठीत साखळी स्वतः चालवून बघायची तर मजकूर इंग्रजीपेक्षा बराच जास्त लागतो. घर, घरात, घराला, घरासमोरच्यांना हे तिच्या लेखी चार वेगळे शब्द. तेच तेच तीन शब्द सलग फार कमी वेळा येतात आणि ती मूळ मजकूरच ओकते. अशा वेळी बडबड वाढली तरी मागचा एकच शब्द बघायला लावा.

त्यापेक्षा मराठीत यंत्राने भाषांतर केलेले वारशाचे मेल (मोठा वारसा देऊ करून फसवणारे) जास्त देतात. यंत्राला बऱ्याचदा बोलणाऱ्याचं लिंग धरून ठेवता येत नाही, म्हणून ‘मी मरणाच्या दारात असलेली विधवा आहे आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवतो’ अशा धर्तीचं वाक्य तयार होतं. त्यातला ‘ठेवतो’ दुरुस्त करू नका.