फोटोची मास्टर फाइल: वाचकांचे प्रश्न

आर्वीत लग्नाचे फोटो काढतो. एडिट करून जेपीईजीतच सेव्ह करतो. अल्बम पाहिल्यावर घरचे म्हणतात, ‘नवरीला जरा उजळ करा’, की तीच फाइल पुन्हा उघडतो. क्वालिटी जाते का?

जाते. नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही. पण बदल करून सेव्ह केली की जेपीईजी दरवेळी थोडा तपशील टाकून देते. शालूच्या जरीकाठाशी, बाशिंगाच्या मण्यांभोवती धूसर ठिपके दिसू लागतात. शिवाय जेपीईजीत लेयर (बदलांचे वेगवेगळे थर) राहत नाहीत, त्यामुळे काल केलेला उजळपणा आज वेगळा काढता येत नाही. लेयरसकट पीएसडी (फोटोशॉपची फाइल) किंवा टिफ फाइल, म्हणजेच मास्टर, जपून ठेवा आणि लॅबला त्यातून जेपीईजी काढून द्या. किती उजळ करायचं ते मात्र नवरीलाच विचारा, तिच्या सासूला नको.

चिमूरला राहतो, ताडोबात रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढतो. मास्टर टिफ ठेवू की पीएसडी? 8 बिट की 16?

आधी 16 बिट, बाकी वाद नंतर. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या मिळतात, 16 बिटमध्ये 65 हजारांवर. तलावावरचं संध्याकाळचं आकाश कर्व्ह्‌जने (उजेड-गडदपणा बदलणाऱ्या साधनाने) ओढून पाहा: 8 बिटमध्ये केशरीतून निळ्याकडे जाताना पट्टे पडतात. पट्टे वाघाच्या अंगावर शोभतात. मात्र 8 बिटची जेपीईजी नंतर 16 करून गेलेलं काही परत येत नाही. सुरुवात रॉपासूनच हवी.

माझा कौल टिफला. 1986 पासून चालत आलेला फॉरमॅट आहे, जवळजवळ कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, 4 जीबीपर्यंत जातो. पीएसडी 2 जीबीलाच अडते. फोटोशॉपमध्येच बसणार असाल तर पीएसडीही चालेल. आणि सगळं काम लाइटरूम या रॉ एडिट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच उरकत असेल, तर टिफ काढूच नका. रॉ आणि त्यासोबतची एक्सएमपी फाइल (एडिटच्या नोंदींची) हाच तुमचा मास्टर. रॉ पुसायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुसदहून विचारतो: टिफने हार्ड डिस्क भरते. उपाय?

भरणारच. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये, लेयर नसतानाही, 144 एमबी होतो. सेव्ह करताना झिप कॉम्प्रेशन निवडा. एलझेडडब्ल्यू हा दुसरा कॉम्प्रेशन प्रकार 16 बिटवर पुष्कळदा फाइल उलट फुगवते. झिप जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी उघडत नाही, एवढीच खोट. पण खरा उपाय निवडीचा: अख्ख्या लग्नाचे टिफ कशाला? अल्बमात जाणारे, मोठ्या प्रिंटचे तेवढेच ठेवा. वाचलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. कॉपी चालू असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते, ती पुन्हा तपासा.

लोणारला आजोबांचे जुने फोटो स्कॅन करतोय. पीएनजी चालेल?

बेलाशक. पीएनजीत तपशील गळत नाही, 16 बिटही जमतं. डाग-सुरकुत्या लेयरवर दुरुस्त करायच्या असतील तरच टिफ घ्या. न दुरुस्त केलेला स्कॅन वेगळा राहू द्या. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो.