जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: उघडावा की बदलावा?

प्रश्न: मिस्त्रीकाका, माझी २००४ची ऑटोमॅटिक गाडी मांजरसुंब्याचा घाट चढताना गिअर सोडते, इंजिन नुसतंच गरगरतं. लातूरला भंगारातला बॉक्स बसवा म्हणतात. काय करू? (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: भंगारातला बॉक्स म्हणजे बंद मुठीतला सौदा, नको. आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून तेल हुंगा. काळं आणि करपल्या वासाचं असेल, तर क्लच प्लेटा जळाल्यात. बहुतेकदा मूळ दुखणं वेगळंच निघतं: वीस वर्षांत रबरी सील कडक होतात, तेलाचा दाब गळतो, प्लेटा घसरतात आणि मग जळतात. म्हणून नुसत्या प्लेटा बदलून भागत नाही. सगळे सील, फिल्टर बदला, व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलायला तेल इकडं-तिकडं वळवणारा भाग) धुवा. नव्या क्लच प्लेटा (फ्रिक्शन प्लेटा) बसवण्याआधी तेलात भिजवाव्यात. आमच्या जालन्यात एकानं घाईत कोरड्याच बसवल्या, महिन्यात गाडी परत दारात! टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) उघडून साफ करून घ्या, जुना कचरा तिथंच दडतो. मजबुती म्हणाल, तर आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत गिअरबॉक्सचं तेल गार ठेवायला वेगळा ऑइल कूलर लावा. कंपनीनं सांगितलेलंच तेल घाला, सुटं नको.